मार्फत: दिग्विजय पेंड भांडार, उंब्रज

विटा,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. राणीस आईचा आशीर्वाद.

तुझा पत्ता भाऊसो पोस्टमनकडून मिळाला. गावातनं मेंढरं हलवायच्या आदल्या दिवशी मी दर वर्षासारखी त्याच्याकडं यादी द्यायला गेले व्हते. कुठल्या महिन्यात आमचं टपाल कुणाच्या मार्फत धाडायचं, ती यादी. त्यानं घेतली आणि म्हणाला, "वैनी, राणीनं तिच्यापुरता येगळा अर्ज दिलाय. तिचं काय आलं तर आता पाचगणीला पाठवायचं. शाळेच्या होस्टेलवर." मी म्हणलं, "ठावं हाय मला." ठावं नव्हतं. त्याला बी ते कळलं असावं. त्यानं पत्ता कागदावर उतरून दिला.

यादी तुझ्याच हातची हाय. नोव्हेंबरात शिवांजली टेलर, विटा. डिसेंबरात कडेगावचं किराणा दुकान. जानेवारीत दिग्विजय पेंड भांडार, उंब्रज. मग नागठाणं, मग वाई. आबांचं एटीएम कार्ड आपल्या दाराचं कुलूप बघून तीनदा माघारी गेलं तवा तू नववीत व्हतीस, आणि वहीचं पान फाडून ही यादी केलीस. दर दुकानात जाऊन, "मावशी, आमचं पत्र आलं तर ठेवशीला का?" असं इचारून आलीस. तुझं बघून जतकडच्या, मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या दोन वाड्यांनी बी तशीच यादी केली. अजून चालवत्यात.

शिवांजलीनं तुझी चौकशी केली. मी सांगितलं, पाचगणीला नोकरी लागली, होस्टेलच्या पोरींकडं बघती. ती म्हणाली, बरं झालं, रानोमाळ हिंडायचं सुटलं पोरीचं.

या वर्षी आमी दोघं नवराबायकोच हाय. सिद्धूभावजींनी मेंढरं विकली आणि आटपाडीला घर धरलं. म्हणून जाऊबाई बी न्हाईत. आबा उजाडलं की मेंढरं घेऊन जात्यात ते दिवस बुडताना येत्यात. मी सैपाक करते, घोड्यांना वैरण टाकते, कोकरं सांभाळते. कोकरांशी बोलते. काल एका बाईनं बांधावरनं इचारलं, "कुणाशी बोलताया?" मी म्हणलं, "फोनवर बोलतीया." फोन आबांच्या खिशात व्हता.

तू फोन उचलत न्हाईस कारण नंबर आबांचा हाय, हे मला कळतं. म्हणून पत्र लिवते. सातवीपर्यंतचं माझं शुद्धलेखन हाय, हसू नको.

उन्हाळ्यात तू धाडलेलं कार्ड माझ्याजवळ हाय. "आई, तुझ्यावर माझा राग नाही." एवढीच एक ओळ. ते कार्ड मी पिठाच्या डब्यात ठेवलंय, पण परत वाचत न्हाई.

तुझी आई

कडेगाव,
१२ डिसेंबर २०२४

चि. राणीस आशीर्वाद.

तुझं उत्तर शिवांजलीकडनं मागच्या आठवड्यात हितं आलं. तू चारच ओळी लिवल्यास, पण त्यात काम व्हतं म्हणून मला बरं वाटलं. बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला पाहिजे म्हणालीस. दोन्ही ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत व्हतं, तसंच हाय, भिजलं न्हाई. ट्रंक घोड्यावरच असती.

परत फॉर्म भरणार का नर्सिंगचा? तू लिवलं न्हाईस, मी इचारते.

आज पार्सल केलं. कागदं मधी घातली, वर शेंगदाण्याचं लाडू आणि एक घोंगडं. घोंगडं आबांनी काढून दिलं. मी नुसतं म्हणलं व्हतं, पाचगणीला लय थंडी असती म्हणत्यात. संध्याकाळी त्यांनी घोड्यावरचं बोचकं सोडलं आणि आपल्याच लोकरीचं काळं नवं घोंगडं माझ्यापुढं टाकलं. मग दाभण घेऊन बसलं. मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, शिवायचा दाभण, तोच. पार्सलच्या कापडाला असे टाके घातलं जसं काय त्यात मेंढरू कोंडायचंय. मी म्हणलं, "आवं, पोरीला उसवायला यायचं न्हाई." म्हणालं, "रस्त्यात उसवाय नको."

पोस्टात पाठवणाऱ्याचं नाव आणि मोबाईल इचारला. मोबाईल आबांचा, म्हणून नाव बी त्यांचंच लिवलं. नानासो मेटकरी, मार्फत दिग्विजय पेंड भांडार, उंब्रज. काय चुकलं तर पार्सल आमच्या पुढच्या मुक्कामाला माघारी यावं म्हणून. हे बी तुझंच शिकवणं. जिथं हाय तिथला पत्ता द्यायचा न्हाई, जिथं जाणार तिथला द्यायचा.

कडेगावात ऊस तुटलाय, पाला भरपूर. मेंढरं खुशीत हायत. सात कोकरं झाली.

तुझी आई

उंब्रज,
१६ जानेवारी २०२५

चि. राणीस,

संक्रांत झाली. तिळगूळ घालत न्हाई पत्रात, पोचंल का न्हाई काय माहीत.

पार्सल माघारी आलं. परवा मी पेंड आणायला गेले तवा दिग्विजयनं आतनं काढून दिलं. टाके तसेच व्हते. वर शिक्का आणि पेनानं लिवलेलं, "घेण्यास नकार". दिग्विजय भला माणूस हाय, त्यानं पार्सल उलटं करून माझ्या हातात दिलं, लिवलेली बाजू खाली.

मी ते लपवून आणणार व्हते, पण एवढं मोठं गठुळं कुठं लपवायचं. आबा त्या दिवशी लवकर आलं. बघितलं आणि इचारलं, "ह्यावर काय लिवलंय?"

मी म्हणलं, "पत्ता चुकला."

"पत्ता तर भाऊसोनं दिलेला."

"नंबर चुकला असंल."

त्यांनी बोट त्या अक्षरांवरनं एकदा फिरवलं. वाचता येत न्हाई, पण शिक्का आणि हातानं लिवलेलं यातला फरक कळतो की माणसाला. मग घोंगडं काढून त्याची घडी केली आणि बोचक्यात जिथनं काढलं व्हतं तिथं परत ठेवलं. लाडू खवट झालं व्हतं, ते घोड्याला घातलं.

तू बघितलंस, नाव आबांचं, आणि घेतलं न्हाईस. आत तुझीच कागदं व्हती, ते तुला ठावं असणार. तरी घेतलं न्हाईस. फॉर्मची तारीख कवा हाय ते मला कळव. कागदं मी येगळी धाडते.

बापावर एवढा राग बरा न्हाई, राणी. त्यांचं वय झालं.

आई

उंब्रज,
१७ जानेवारी २०२५

राणीस,

कालचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवरच बसले. "बापावर एवढा राग बरा न्हाई" असं मी लिवलं. मी. ते पत्र पेटीतनं काढता येत असतं तर काढलं असतं. आता हे त्याच्या मागनं येईल. ह्यात तुझी गुणपत्रिका आणि दाखला हाय. रजिस्टर केलंय, पोचपावती लावून, आणि पाठवणाऱ्याचं नाव माझं हाय. म्हणून तू घेशील. घेतल्यावर वाचशील का न्हाई ते तुझ्यावर.

गेल्या वर्षी ह्याच उंब्रजला तुझं पत्र दिग्विजयच्या दुकानात तीन जानेवारीला आलं. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजचं. मीच घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. निवड झाली, पंधरा तारखेच्या आत कागदं घेऊन हजर राहावं, न्हाईतर जागा दुसऱ्याला देऊ, असं लिवलं व्हतं. पयल्यांदा मला एवढा आनंद झाला की दिग्विजयला सांगणार व्हते. मग पेंडेचं पोतं उचललं आणि चालाय लागले, आणि वाटंत दुसरं मनात आलं.

तू म्हणशील कामासाठी ठेवून घेतलं. कोकरं व्हायचे दिवस व्हते, काम लय व्हतं. पण काम मी एकटीनं केलं असतं. आता करतीयाच की. काम न्हवं ते. राणी, तू व्हतीस म्हणून मी ह्या रस्त्यावर बोलत व्हते. आठ महिने, रोज येगळं रान, येगळा मालक. आबा दिवसातनं चार शब्द बोलत्यात, त्यातलं दोन मेंढरांना. तू सकाळी केस विंचरताना जी बडबड करायचीस तेवढ्यावर माझा दिवस जायचा. तू सांगलीला गेलीस तर मी कुणाशी बोलू, हे त्या वाटंत माझ्या मनात आलं. म्हणलं, आज न्हाई, उद्या सांगू. चार दिवस आणखी जाऊ देत. मग आठ झाले. मग पंधरा तारीख आली आणि मी दिवसभर तुझ्याकडं बघितलं न्हाई.

तारीख गेल्यावर पत्र जाळायला पाहिजे व्हतं. हात झाला न्हाई, त्यावर तुझं नाव छापलेलं व्हतं. मी ते आबांच्या जुन्या कोटात ठेवलं. आजपतूर मी स्वतःला सांगत आले की आबा तो कोट घालत न्हाईत, म्हणून ठेवलं. खरं सांगू? तिथं सापडलं तर माझ्यावर यायचं न्हाई, हे बी मनात असणार. नसतं तर माझ्याच बोचक्यात ठेवलं असतं.

कोट तू धुवायला काढलास. तू पत्र आबांच्या पुढं धरलंस आणि म्हणालीस, "तुमी माझं वाटोळं केलं." मी चुलीपाशी व्हते. आबांनी पत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणालं, "ठेवलं मी. मग?"

मी त्या वेळंला तोंड उघडलं असतं तर झालं असतं. भाकरी तव्यावर व्हती, ती उलटली. दुसऱ्या दिवशी तू सातारच्या गाडीत बसलीस.

तुला वाटलं असंल, आबांनीच केलं, कारण तेच म्हणत व्हते की रानातल्या पोरीनं दवाखान्यात काय करायचं. पण ज्याला वाचता येत न्हाई तो माणूस पत्र घेऊन ते कसलं हाय हे कसं ओळखंल? तू हुशार हायस, तुझ्या ध्यानात हे आलं न्हाई. रागात येत न्हाई. आणि माझ्यावर तुझा विश्वास व्हता.

काल पोस्टातनं येऊन आबांना मी सांगितलं. वर्षात पयल्यांदा. मेंढरं वाघरीत घालून ते हात धूत व्हते. मी म्हणलं, "ते पत्र मी ठेवलं व्हतं."

म्हणालं, "ठावं हाय."

"मग तवा का बोलला न्हाई?"

त्यांनी हात पुसलं. मला वाटलं, नेहमीसारखं उठून जातील. मग म्हणालं, "माझ्याशी ती तशीबी कवा बोलत व्हती? तुझ्याशी बोलायची. दोघांवर रागावली असती तर परत कुणाकडं आली असती?"

एवढंच. मग जेवायला मागितलं.

मी हे माफी मागायला लिवत न्हाई. मागायचं तोंड न्हाई. तुझा राग चुकीच्या माणसावर हाय, एवढं कळवायचं व्हतं. ज्याला तू एखादं तरी पत्र टाकायला पाहिजे व्हतं त्याला वर्षभर काय मिळालं न्हाई, आणि मी तुझं कार्ड पिठाच्या डब्यात ठेवून बसले.

अंजना

नागठाणे,
११ फेब्रुवारी २०२५

राणीस,

पोचपावती आली. तुझी सही हाय, तेवीस तारीख. कागदं मिळाली, काळजी मिटली.

दुसरं काय आलं न्हाई. मी रोज दुकानात जात न्हाई, चार दिवसांनी एकदा जाते. दुकानदार लांबनंच मान हलवतो.

मी आता लिवत न्हाई. तू म्हणशील तवा लिवीन. आमी पुढच्या आठवड्यात सातारच्या बगलेनं वर सरकतो. मार्चात वाई. मार्फत अर्जुना सलून, बाजारपेठ, वाई. हे मी माझ्यासाठी कळवत न्हाई.

अंजना

वाई,
५ मार्च २०२५

चि. राणीस,

हे पत्र तुझं आबा सांगत्यात आणि तुझी आई लिवती. मी सांगतो तसंच लिव असं तिला बजावलंय.

राणी, तुझं पत्र काल मिळालं. अर्जुनाच्या दुकानात मी दाढीला बसलो व्हतो, त्यानं आरशामागनं काढून दिलं. म्हणाला, "नानासो, तुमच्या नावचं हाय." मी म्हणलं, मेंढरांच्या लशीचं असंल. तो म्हणाला, न्हाई, हातानं लिवलंय, पाठवणारी राणी मेटकरी. माझ्या नावानं हातानं लिवलेलं पत्र जन्मात आलं नव्हतं. अर्धी दाढी झालेली, तसाच उठलो व्हतो, त्यानं परत बसवला.

अर्जुना म्हणाला, वाचून दाखवू का. मी न्हाई म्हणलं. घरचं वाचाय घरचं माणूस हाय.

दुपारी मेंढरं सावलीला बसल्यावर तुझ्या आईकडं दिलं. तिनं पाकीट लय वेळ फोडलं न्हाई. मी म्हणलं, फोड. मग तिनं वाचलं. तू लिवलंस की वर्षभर तू मला नको नको ते मनातल्या मनात बोललीस, त्याचं वाईट वाटतं. तसं वाटून घेऊ नको. मी ऐकलं न्हाई, तवा मला लागलं न्हाई. पार्सल माघारी धाडलंस ते मातर लागलं. ते बी आता न्हाई. घोंगडं घेऊन येतो.

तू इचारलंस, मी खोटं का बोललो. ते तुझ्या आईनं लिवलंच हाय, परत सांगत न्हाई. पण एक सांगतो. तू दवाखान्यात काय करणार असं मी म्हणलं व्हतं, ते माझं चुकलं. पत्र मी ठेवलं न्हाई, पण त्या वेळंला ते माझ्या हातात आलं असतं आणि मला वाचता आलं असतं, तर मी काय केलं असतं ते मी सांगू शकत न्हाई. म्हणून सगळा दोष तिच्याच डोक्यावर देऊ नको. थोडा माझ्याकडं राहू दे.

(हे वाक्य लिवायला मी तयार नव्हते. आबांनी दोनदा सांगितलं म्हणून लिवलं. अंजना.)

परत परीक्षेला बसतीस हे ऐकून बरं वाटलं. कॉलेजचं पत्र होस्टेलच्याच पत्त्यावर मागवलंस, चांगलं केलंस. तसंच कर.

तू म्हणतीस, नऊ तारखेला रयवारी सुट्टी हाय, सकाळी खाली वाईला येते. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याला यष्टी थांबती तिथं मी असंन. आठ वाजल्यापासनं असंन. तुला उशीर झाला तर घाई करू नको, घाटाची गाडी हाय.

मेंढरं तुझी आई राखंल. तिला सवय न्हाई, पण एक दिवस जमंल.

आता शेवटचं. तुझ्या पत्रात खाली एक ओळ व्हती, "तुमी एकटं या." तुझी आई वाचत वाचत तिथं आली आणि थांबली. मला वाटलं, पत्र संपलं. मी उठाय लागलो. ती म्हणाली, "बसा, अजून हाय," आणि ती ओळ वाचली. मग परत एकदा वाचली, मला नीट ऐकू आलं न्हाई असं वाटून.

ती ओळ तिनं गाळली असती तर मला कळलं नसतं. तू तिथं दोघांना बघितलं असतंस आणि तुला काय बोलता आलं नसतं. तिला ते ठावं व्हतं. तरी वाचली.

मी एकटाच येतो, तू म्हणतीस तसं. पण हे तुला ठावं असावं, म्हणून सांगितलं.

नानासो